ताटात काहीच उरत नव्हतं

माणसाचं आयुष्य त्याच्या ताटात घडतं. सत्ता, कीर्ती, विद्वत्ता यांचा नंबर त्यानंतर लागतो. हा विचार जेवणघराच्या दाराशेजारच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलेला होता. बरोबर त्याच्याखाली हात धुवायचं बेसिन होतं आणि ते कायम तुंबलेलं असे. त्यामुळे आत जाणारी प्रत्येक बाई तो विचार नाकाला रुमाल लावून वाचत असे.

इमारत एका ट्रस्टची होती. कर्तबगार स्त्रियांना उतारवयात मानानं राहता यावं म्हणून ट्रस्टनं ती बांधली होती. प्रवेशाच्या अटी दोनच. आधी आयुष्यात काहीतरी असं करायचं, जे त्याआधी कुठल्याच बाईनं केलं नव्हतं, आणि मग म्हातारं व्हायचं. दुसरी अट पुरी करायला पुष्कळ जणी तयार होत्या, पण पहिलीपाशी रांग आपोआप विरळ होई. प्रत्येक खोलीच्या दारावर पितळी पाटी होती. पाटीवर एवढं काही कोरलेलं असे, की वाचून झाल्यावर दार वाजवायचा धीर होत नसे. शेजारणींनाही होत नसे. म्हणून दुपारभर इमारतीत फक्त पंख्यांचा आवाज यायचा.

या बायकांना काय खायला घालायचं हे ठरवायला ट्रस्टनं एक आहारतज्ज्ञ नेमली होती. नेमली होती म्हणजे सध्या ठेवून बघितली होती. वर्षाच्या मध्यावर विश्वस्तांची समिती येणार, बायकांच्या तब्येती बघणार, जेवण बघणार, आणि मग तिला कायम करायचं की आभार मानून निरोप द्यायचा हे ठरणार होतं. कायम झाली तर तिचाच आहार ट्रस्टच्या सगळ्या निवासांत सुरू होणार होता. आधीच्या नोकरीत, एका मोठ्या इस्पितळात, तिनं आखून दिलेल्या आहाराचा कागद रोग्यांच्या उशाशी ठेवलेला असे आणि नातेवाईक त्यावर आंब्याच्या कोयी ठेवत. तिथून ती बाहेर पडली होती ती परत न जाण्यासाठी. ही नोकरी तिला हवी होती, आणि हवी आहे हे ती लपवतही नव्हती.

तिच्या माघारी तिला सगळे तराजू म्हणत. त्याला कारण होतं. जेवण संपलं की ती मोरीजवळ वजनकाटा मांडून बसे आणि प्रत्येक ताटातलं उष्टं काट्यावर घेई. तिच्या धंद्यात ही रीतच आहे. ताटात काय वाढलं ते कुणीही सांगेल, पोटात काय गेलं ते कळायचं तर काय उरलं ते मोजावं लागतं. हे सगळं कशासाठी चाललंय, हे मात्र तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. खाणाऱ्याला सांगितलं, की तो आपल्याला खूश करायला खातो नाहीतर चिडवायला टाकतो, आणि मग आकडे खोटे पडतात, असं तिला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेतही हा प्रश्न आला होता.

पण मोजायला काही असेल तर ना. पहिल्या आठवड्यापासून ताटं येत ती चाटूनपुसून.

दुसरी कुणी असती तर तिनं आईला फोन करून आनंदानं सांगितलं असतं. तराजूनंही आईला फोन केला, पण तिच्या आवाजात आनंद नव्हता.

"आई, सगळं संपतं गं."

"मग?"

"मग काय, मग? बीट संपतं. भोपळा संपतो. बिनमिठाची पालेभाजी संपते. एखाद दिवशी नाही, रोज! तू संपवशील?"

"तू पहिल्यांदा चहा केला होतास, तो मी संपवला होता."

"तो आवडला होता म्हणून ना?"

 मग आई म्हणाली, "जेवलीस का तू?"

तराजूच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. उत्तम जेवणातही थोडं उरतं, हा तिचा अनुभव होता. कुणाचा दात दुखतो, कुणाला घरची आठवण येते, कुणी उगीच टाकतं. आणि हे काही उत्तम जेवण नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनंच ते आखलं होतं. मीठ नावापुरतं, तेल आठवणीपुरतं, साखर हद्दपार. हृदयाला चांगलं, हाडांना चांगलं, आतड्यांना फारच चांगलं. फक्त जिभेचा विचार करायला वेळ मिळाला नव्हता. एवढं सगळं पोटात जातंय यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. कुठंतरी पाणी मुरत होतं.

तिनं आधी स्वयंपाकघर धरलं.

"मामा, खरं सांगा. हे जातं कुठं?"

आचारी मामा कढईकडे बघत उभे होते. कढईला तेल लागत नसल्यामुळे ती घासायचं काम उरलं नव्हतं आणि वेळ कसा घालवावा हे त्यांना समजत नव्हतं.

"पोटात जातं, मॅडम. दुसरीकडे कुठं जाणार?"

"तुम्ही खाता का हे?"

"मी घरून डबा आणतो."

"का?"

"मला तितकं जगायचं नाही."

मामांवरचा संशय तिनं काढून टाकला नाही, जरा बाजूला ठेवला. मग तिचं लक्ष जेवणघराच्या खिडकीतल्या कुंड्यांकडे गेलं. एकदा दुपारी सगळ्या खोल्यांत गेल्याचं बघून ती चमच्यानं कुंडीतली माती उकरायला लागली. दोन कुंड्या झाल्या असतील-नसतील, पाठीमागून आवाज आला.

"काय पुरतेस?"

मागं कप्तानबाई उभ्या होत्या. त्यांनी तीस वर्षं मालवाहू जहाजं चालवली होती आणि त्यांच्या चालण्याचा आवाज होत नसे.

"काही नाही. माती बघतेय."

"लोह किती आहे ते?"

"झाडांना पाणी जास्त होतंय असं वाटलं."

"हो ना," कप्तानबाई म्हणाल्या. "तुझ्या चमच्याला झाडांची फार काळजी." आणि जशा आल्या तशा गेल्या.

कुंडीत माती होती. मागच्या अंगणातली मांजर वाळलेलीच होती. तराजूनं तिच्यापुढे बिटाची फोड धरली तेव्हा मांजरीनं फोडीचा वास घेतला, मग तराजूकडे बघितलं, आणि त्या नजरेत तक्रार नव्हती, कीव होती. कचऱ्याच्या पिशव्यांत कागद निघाले. खिडक्यांखाली काहीच निघालं नाही. भांडी घासणाऱ्या मावशींना तिनं आडून विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "मला विचारू नका बाई, मी घासते म्हणून घासते. नाहीतर ही ताटं तशीच फळीवर ठेवली तरी चालतील."

मग तिनं जेवणघरातच ठाण मांडलं. हातात मासिक, डोळे ताटांवर. तिला जे दिसलं त्यानं संशय वाढलाच. न्यायाधीशबाई डोळे मिटून जेवत. वकिलांची लांबलचक भाषणं ऐकताना त्या तशाच बसत असत म्हणे, आणि शेवटी निकाल मात्र जागेपणी देत. सर्जनबाई बिटाच्या सारख्या आकाराच्या फोडी करत आणि गोळ्या गिळाव्यात तशा पाण्याबरोबर गिळत. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर कप्तानबाई टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवत. कुणाच्या वाटीला भोपळा चिकटलेला दिसला, तर त्या बाईकडे त्या नुसतं असं बघत, की ती बाई बोटानं वाटी साफ करे.

हा कट होता. कशाचा, तेवढं समजत नव्हतं.

त्यातच तपासणीचे अहवाल आले. साखर उतरली होती, रक्तदाब ताळ्यावर आला होता, दोघीतिघींची गुडघेदुखीसुद्धा कमी झाली होती. व्यवस्थापक हातात कागद नाचवत आले.

"मॅडम, तुमच्या बिटानं कमाल केली!"

"बिटानंच कशावरून?"

"म्हणजे? दुसरं काय खातायत त्या?"

"तेच तर मी म्हणतेय," तराजू म्हणाली.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. बाहेरून चमचमीत येत असतं तर साखर वाढली असती. साखर उतरली, याचा अर्थ बाहेरून याहून चांगलं काहीतरी येत होतं. म्हणजे तिच्या बायकांनी गुपचूप दुसरी आहारतज्ज्ञ ठेवली होती! हा विचार मनात आल्यावर तिला दुपारभर दुसरं काही सुचलं नाही. ती कोण असेल, कुठं शिकली असेल, मीठ किती घालत असेल, इथपर्यंत तिची मजल गेली.

शेवटी तिनं ठरवलं की एकदा सोक्षमोक्ष लावायचा. कुणाही माणसाला संपवता येणार नाही असं जेवण करायचं. मग ते ताटात उरलं तर माणसं खरी, आणि नाही उरलं तर चोरी पक्की. तिनं मामांना कडू पाला उकडायला सांगितला, नुसता. सोबत बीट, तेही नुसतं. आणि ओटची लापशी, पाण्यातली.

मामांनी दोनदा विचारलं, "मीठ विसरलात का?"

"नाही."

"मग खाणाऱ्यांना विसरलात," मामा म्हणाले आणि कामाला लागले.

प्रयोग प्रामाणिक असावा म्हणून तराजूनं स्वतःही तेच ताट घेतलं. चार घास तिनं धीरानं खाल्ले. पाचव्या घासाला तिचे डोळे भरून आले. तिनं इकडेतिकडे बघितलं. सगळ्या बायका खाली मान घालून, एका लयीत, खाणीत काम करावं तशा जेवत होत्या. तिनं ताट हळूच बाजूला सारलं.

मोरीजवळ मावशी ओरडून म्हणाल्या, "बाई, काटा आणा! आज एक ताट उष्टं आलंय!"

ताट तराजूचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक निरोप घेऊन आले, की समिती उद्याच येतेय, अध्यक्षांना नंतर सवड नाही. "फार काही करू नका. ताटं लख्ख दिसली पाहिजेत, बस्स. तेवढंच दाखवायचंय." ते गेले आणि पाठोपाठ दुसरा निरोप आला. न्यायाधीशबाईंनी वाचनालयात बोलावलं होतं.

वाचनालयात खुर्च्या अशा मांडल्या होत्या, की एकच खुर्ची रिकामी होती आणि सगळ्या खुर्च्यांची तोंडं तिच्याकडे होती.

"बस गं मुली," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तू आमच्यामागं काटा घेऊन फिरतेस, कुंड्या उकरतेस, मांजरीची साक्ष काढतेस. आरोप तरी काय आहे?"

तराजूनं ठरवलं, की आता आडपडदा नको. "तुम्ही सगळ्या जेवता, हाच आरोप आहे."

"कबूल," सर्जनबाई म्हणाल्या. "पुढचा खटला."

"कसं शक्य आहे? कालचं जेवण कुणाला जाणं शक्य नव्हतं!"

"तुला गेलं का?"



"काल एकच ताट उष्टं आलं," कप्तानबाई म्हणाल्या. "स्वयंपाक्यानं स्वतः केलेला पदार्थ स्वतःच टाकला, तर जहाजावर आम्ही तो स्वयंपाकी पुढच्या बंदरात उतरवत होतो."

"मी ते मुद्दाम तसं केलं होतं. तुम्ही अन्न टाकता कुठं, ते मला बघायचं होतं."

"टाकतोय कुठं?" न्यायाधीशबाईंनी डोळे उघडले. ते फार क्वचित घडत असे. "आम्ही गिळतोय. दोन्ही वेळा. तुझ्या काट्यापायी."

तराजूला काही कळलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर एवढं स्पष्ट दिसत असावं की सर्जनबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"हे बघ. इथं आधी दोन वर्तमानपत्रं यायची. एकदा एक माणूस आला आणि कोण कोणतं वाचतं ते मोजून गेला. दुसरं बंद झालं. संध्याकाळी गावात न्यायला गाडी होती. एकानं गाडीतली डोकी मोजली. गाडी गेली. पायांचे व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, गोड होती बिचारी. तिच्याकडे किती जणी जातात ते मोजलं..."

"आणि ती गेली," तराजू म्हणाली.

"या घरात ज्याची मोजदाद होते ते पुढच्या महिन्यात दिसत नाही. तू पहिल्याच दिवशी काटा मांडलास. आम्ही ओळखलं. जे उरेल तेवढं कमी करणार."

"म्हणून काही उरू द्यायचं नाही असं ठरलं," कप्तानबाई म्हणाल्या. "हुकूम माझा होता."

"अहो, पण तुम्ही एवढ्या मोठ्या बायका! मला नुसतं विचारायचं ना!"

सर्जनबाई हसल्या. "मी पहिल्यांदा शस्त्रक्रिया विभागात गेले तेव्हा तिथं बायकांना कपडे बदलायला खोली नव्हती. मी विचारलं. ते म्हणाले, बघू, किती जणींना लागते ते मोजू. मोजलं. एकटी मी. एकीसाठी खोली कशी देणार? नऊ वर्षं मी सामानाच्या कपाटामागं कपडे बदलले. तेव्हापासून कुणी मोजायला लागलं की मी विचारत नाही, पाय रोवते."

"मला तर त्यांनी मोजून सांगितलं होतं, की जहाजावर बाई बसत नाही," कप्तानबाई म्हणाल्या. "मग मी बसले."

कुणीतरी मागून म्हणालं, "पण बीट गिळण्याइतकं अवघड ते काहीच नव्हतं." सगळ्या पोट धरून हसल्या. इतक्या महिन्यांत तराजूनं त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

"मी कमी करायला मोजत नव्हते," ती म्हणाली. "काय आवडत नाही ते कळावं म्हणून मोजत होते. कळलं असतं तर मी बदललं असतं. बीट तर पहिल्याच आठवड्यात काढलं असतं."

 कित्येक महिन्यांचं बीट प्रत्येकीच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम टाकलं असतंत किंवा मुद्दाम खाल्लं असतंत."

"म्हणजे तुझा आमच्यावर विश्वास नव्हता."

"नव्हता."

"ठीक आहे. आमचाही नव्हता. तिथं फिटंफाट." न्यायाधीशबाई पुढे झुकल्या. "आता सरळ सांग. ताटात उरलं, तर वाढणं कमी होईल?"

तराजूला सकाळचा व्यवस्थापकांचा चेहरा आठवला. ताटं लख्ख दिसली पाहिजेत. फक्त एक दिवस. तिनं नुसतं 'माहीत नाही' म्हटलं असतं, तरी या बायकांनी उद्या समितीसमोर वाट्या बोटांनी पुसल्या असत्या, अध्यक्ष खूश झाले असते, आणि तिची नोकरी पक्की झाली असती. उशाशी ठेवलेले कागद आणि त्यावरच्या कोयी पुन्हा बघाव्या लागल्या नसत्या. पण मग ते बीट सगळ्या निवासांत गेलं असतं, आणि जिथं कप्तानबाई नव्हत्या, तिथं ते कुणी गिळलं नसतं.

"नाही होणार," ती म्हणाली. "उद्या समिती येतेय. उद्या तुम्हाला हवं तेवढंच खा."

"समितीला चालेल?"

"मला चालेल."

न्यायाधीशबाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. खोटं बोलणाऱ्यांकडे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मग म्हणाल्या, "खरं बोलतेय ही," आणि डोळे मिटले.

समिती वेळेवर आली. अध्यक्ष, दोन विश्वस्त, मागून व्यवस्थापक. जेवणघरात त्या दिवशी एवढा कलकलाट होता, की अध्यक्षांना आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच इमारतीत आलो. बायका बोलत होत्या, एकमेकींच्या ताटातलं बघत होत्या. सर्जनबाईंनी बिटाची वाटी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाल्या, "कुणाला हवंय?" त्यावर जो हशा झाला तो बाहेर बेसिनपर्यंत ऐकू गेला. पालेभाजी बऱ्यापैकी गेली. डाळ तर मागून घेतली. भोपळा मात्र सगळ्यांनी जसाच्या तसा ठेवला.

ताटं मोरीजवळ आली. तराजूनं काटा मांडला. इथं आल्यापासून पहिल्यांदा तिला मोजायला काहीतरी मिळालं होतं आणि तिचे हात चपळाईनं चालले होते. बीट इतकं. भोपळा इतका. पालेभाजीची देठं, म्हणजे मामांनी निवडायचा कंटाळा केला. डाळ काहीच नाही, म्हणजे डाळ वाढवायची. व्यवस्थापकांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते तो पुसत नव्हते.

"एवढं उरतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"आज उरलं," तराजू म्हणाली. "आतापर्यंत काहीच उरत नव्हतं, पण ते आकडे खोटे होते. हे खरे आहेत. आता मला कळलं काय बदलायचं ते. बीट काढायचं, भोपळ्याला जरा फोडणी, आणि डाळ..."

"थांबा, थांबा." अध्यक्ष काट्यावरच्या ढिगाकडे बघत होते. "म्हणजे रोज इतकं जास्त वाढलं जातंय."

"जास्त नाही. वेगळं हवंय."

"तेच म्हणतोय मी. आणि हे तुम्ही मोजून दाखवलंत." अध्यक्ष विश्वस्तांकडे वळले. "इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं हे. बाकीच्या निवासांतही असंच असणार."

"असणारच," एक विश्वस्त म्हणाले.

"तब्येतीही उत्तम आहेत," दुसरे म्हणाले. "म्हणजे कमी खाऊन चालतंय."

"त्या कमी खात नव्हत्या!" तराजू म्हणाली. "सगळं खात होत्या!"

"पण उरलंय," अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले आणि काट्याकडे बोट दाखवलं.

दाराशी कप्तानबाई उभ्या होत्या.  त्यांच्यामागे सर्जनबाई होत्या, त्यांच्यामागे काठी टेकत न्यायाधीशबाई. तराजूला वळून त्यांच्याकडे बघायचं होतं, पण मान वळेना.

अध्यक्षांनी जाण्यापूर्वी तिच्याशी हात मिळवला. संध्याकाळपर्यंत तिला कायम केल्याचं कळलं. पहिल्या तारखेपासून सगळ्या निवासांत लहान वाट्या आल्या.